फ्लॅटवरचा जीएसटी एक टक्का, पाच टक्के की शून्य? पैसे देण्याआधी कसे ठरवावे (आणि छोट्या व्यावसायिकांनी काय सांभाळावे)

फ्लॅटच्या जीएसटीबद्दल दोन सल्ले सर्रास दिले जातात. पहिला : "पंचेचाळीस लाखांच्या आत असेल तर एकच टक्का." दुसरा : "ओसी (भोगवटा प्रमाणपत्र) आली की जीएसटी नाही." दोन्ही अर्धवट आहेत, आणि या अर्धवटपणाची किंमत दोन-चार लाखांत मोजावी लागते. कराचा दर पाठ करून काही साधत नाही. चौरस मीटर, एकूण रक्कम आणि पहिला पैसा दिल्याची तारीख या तीन गोष्टी कागदावर पक्क्या झाल्या की दर आपोआप ठरतो.

नेहमीची कागदपत्रे (महारेरा, म्हणजे राज्याच्या गृहप्रकल्प नियामक प्राधिकरणाकडच्या, नोंदणीचे पान, कराराचा मसुदा, किमतीचा तक्ता) हाताशी आहेत असे इथे धरले आहे.

पहिली पायरी : घर कोणत्या प्रकारात बसते?

जुन्या, म्हणजे पुनर्विक्रीच्या फ्लॅटवर जीएसटी नाही. नुसत्या जमिनीच्या विक्रीवरही नाही. बांधकाम चालू असलेल्या इमारतीतल्या घरावर १ एप्रिल २०१९ पासून दोनच दर आहेत : परवडणाऱ्या घराला १ टक्का, बाकीच्यांना ५ टक्के. हे दर जमिनीचा एक तृतीयांश भाग वजा करूनचे आहेत. पाच टक्के हा मुळात साडेसात टक्के दर आहे, पण तो दोन तृतीयांश रकमेवर लागतो. त्यामुळे कोणी पूर्ण किमतीवर साडेसात टक्के लावून मागणीपत्र (हप्ता मागणारे बिल) पाठवले, तर ते तिथेच परत करावे.

२२ सप्टेंबर २०२५ ला सिमेंटवरचा कर २८ वरून १८ टक्क्यांवर आला. घराचे दर मात्र तेच राहिले. बिल्डरला या १ आणि ५ टक्क्यांच्या योजनेत कच्च्या मालावरच्या कराचे क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेला कर विक्रीवरच्या करातून वजा करण्याची सोय, मिळत नाही. सिमेंट-सळईवर भरलेला कर त्याच्या बांधकाम खर्चातच मुरतो. म्हणून सिमेंटच्या करकपातीचा फायदा तुमच्या जीएसटीच्या ओळीत शोधू नका, तिथे तो कधीच दिसणार नाही. मिळाला तर मूळ किमतीत मिळेल, आणि तोही तुम्ही मागितलात तरच.

दुसरी पायरी : परवडणारे घर ठरवणे. इथेच सगळे घसरतात

अटी दोन आहेत आणि दोन्ही एकाच वेळी पूर्ण व्हाव्या लागतात. एक क्षेत्रफळाची, दुसरी रकमेची.

क्षेत्रफळ म्हणजे रेरा कायद्यातला कार्पेट एरिया, बिल्टअप किंवा सेलेबल नव्हे. त्यात घराच्या आतल्या भिंती धरल्या जातात. बाहेरच्या भिंती, डक्ट, तुमच्या एकट्याच्या वापराची बाल्कनी आणि उघडी गच्ची धरली जात नाही. महानगरांत मर्यादा ६० चौरस मीटर (सुमारे ६४६ चौरस फूट), इतरत्र ९० चौरस मीटर (सुमारे ९६९ चौरस फूट).

महानगर कोणते हे अधिसूचनेने नावानिशी सांगितले आहे. त्यात महाराष्ट्रातला फक्त मुंबई महानगर प्रदेश येतो. ठाणे, कल्याण, वसई-विरार, पनवेल सगळे त्यातच. पुणे त्या यादीत नाही. पुणे इतके मोठे शहर म्हणजे मर्यादा साठचीच असणार, असे सेल्स ऑफिसातले लोक छातीठोकपणे सांगतात आणि ते चूक आहे. पुणे, पिंपरी-चिंचवड, नाशिक, नागपूर, छत्रपती संभाजीनगर, कोल्हापूर आणि संपूर्ण गोवा, या सगळ्यांना ९० चौरस मीटरची मर्यादा लागू आहे. पुण्यातल्या ७० चौरस मीटरच्या, ४४ लाखांच्या फ्लॅटवर पाच टक्के मागितले, तर सुमारे पावणेदोन लाख रुपये जास्त मागितलेत असे समजा.

आता रक्कम. कायद्यातला शब्द आहे एकूण आकारलेली रक्कम. घराची किंमत, जमिनीतला हिस्सा, आणि बिल्डर त्याशिवाय घेतो ते सगळे त्यात येते : पार्किंग, वरच्या मजल्याचे किंवा बागेकडच्या बाजूचे जादा पैसे, विकास शुल्क, क्लब आणि सामायिक सुविधांचे शुल्क. या सगळ्याची बेरीज ४५ लाखांच्या वर एक रुपया जरी गेली, तरी संपूर्ण रकमेवर ५ टक्के लागतात, फक्त वरच्या रुपयावर नव्हे. आयकराच्या टप्प्यांची सवय असल्यामुळे हे पचायला जड जाते, पण नियम असाच आहे.

आकडे मांडून बघा. घर ४३,६०,००० आणि पार्किंग २,००,०००. बेरीज ४५,६०,०००, जीएसटी २,२८,०००, एकूण ४७,८८,०००. तेच घर घासाघीस करून पार्किंगसह ४४,९०,००० ला ठरले, तर जीएसटी ४४,९०० आणि एकूण ४५,३४,९००. किमतीत ७०,००० ची सूट मिळाली आणि खिशातून २,५३,१०० कमी गेले. त्यामुळे तक्त्यातली बेरीज ४५ ते ४६ लाखांच्या पट्ट्यात दिसली, की फर्निचर, एसी किंवा सोन्याचे नाणे असल्या भेटी घेऊ नका. सूट मूळ किमतीतच मागा आणि बेरीज बरोबर ४५ लाख किंवा त्याच्या खाली आणा. बिल्डर जीएसटी सरकारकडे भरतो, त्यातला पैसा त्याला उरत नाही. म्हणून ही मागणी त्यालाही पटवता येते.

एक मार्ग मात्र सुचवला गेला तरी नाकारा : पार्किंग किंवा "सुविधा शुल्क" वेगळ्या करारात, वेगळ्या पावतीवर, कधी बिल्डरच्याच दुसऱ्या कंपनीच्या नावे घेऊन मुख्य करार ४५ लाखांखाली दाखवायचा. विभागाने पुढे तपासणी केली तर फरकाची मागणी बिल्डरवर निघते, आणि जवळजवळ प्रत्येक करारात असे एक कलम असते की आज किंवा भविष्यात लागणारा कर ग्राहकाने भरावा. त्या कलमाच्या आधारे व्याजासह बिल तुमच्या दारात येते. महाराष्ट्रात हे एकदा घडून गेले आहे. २० जून २००६ ते ३१ मार्च २०१० या काळातल्या घरांचा व्हॅट बिल्डरांनी २०१२ मध्ये ग्राहकांकडे मागितला. तोवर अनेक जण त्या घरांत राहायलाही गेले होते. हे कलम पूर्ण काढून टाकायला बिल्डर तयार होत नाही. पण "बिल्डरच्या चुकीच्या वर्गीकरणामुळे निघालेली मागणी, व्याज व दंड बिल्डर भरेल" एवढे वाक्य घालून घेता येते. त्यासाठी हट्ट धरावा.

सरकारला भरायचे मुद्रांक शुल्क आणि नोंदणी शुल्क या ४५ लाखांत धरायचे नाही.

तिसरी पायरी : तयार घर आणि "शून्य जीएसटी"

कायद्यात असे आहे की पूर्णत्वाचा दाखला मिळाल्यानंतर किंवा इमारतीचा पहिला वापर सुरू झाल्यानंतर, यातले जे आधी घडेल त्यानंतर, *संपूर्ण* मोबदला दिला गेला तरच कर नाही. सगळा अर्थ "संपूर्ण" या शब्दात आहे. ८० लाखांच्या फ्लॅटसाठी दाखल्याच्या महिनाभर आधी एक लाखाचे टोकन दिले, तर उरलेले ७९ लाख नंतर देऊनही ८० लाखांवर ५ टक्के लागतात. म्हणजे चार लाख.

"टोकन देऊन ठेवा, ओसी पुढच्या आठवड्यात आहे, जीएसटी लागणार नाही" हे वाक्य ऐकू आले, तर चेकबुक पिशवीतच राहू द्या. दाखल्याची प्रत मागा. त्यावरची तारीख पाहा, आणि तुमची विंग, तुमचा मजला त्यात आहे का तेही पाहा, कारण भोगवटा प्रमाणपत्र अंशतःही दिले जाते. ए विंगच्या प्रमाणपत्राने बी विंगच्या घराचा कर माफ होत नाही. आणि पैसे आधी घेऊन पावतीवर पुढची तारीख टाकण्याची तयारी कोणी दाखवली, तर बँकेचे खाते खोटे बोलत नाही एवढे लक्षात ठेवा.

उलट बाजूही आहे. तयार घराचा दर चढा असतो. जीएसटी वाचतो म्हणून तयार घर स्वस्त, असे गृहीत धरू नका. दोन्हींची अंतिम बेरीज शेजारी-शेजारी लिहा.

चौथी पायरी : प्रत्येक मागणीपत्र तपासणे

बिल्डरचा जीएसटी क्रमांक १५ अक्षरांचा असतो, महाराष्ट्रात २७ ने आणि गोव्यात ३० ने सुरू होतो. जीएसटी पोर्टलवर तो टाकून नोंदणी चालू आहे का पाहावे. केंद्राचा आणि राज्याचा कर अर्धा-अर्धा, वेगळा दाखवलेला असावा. ताबा देताना दोन वर्षांचा आगाऊ देखभाल खर्च घेतला जातो, त्यावर १८ टक्के लावले जातात. हा आकडा शेवटच्या दिवशी अंगावर येऊ नये म्हणून आधीच लिहून घ्या.

पाचवी पायरी : बुकिंग रद्द झाले तर

बिल्डर क्रेडिट नोट (आधीचे बिल रद्द किंवा कमी करणारी नोंद) देऊन तुम्ही दिलेला जीएसटी परत करू शकतो, पण त्याची मुदत आर्थिक वर्ष संपल्यानंतरच्या ३० नोव्हेंबरपर्यंतच असते. ती उलटून गेली असेल तर "जीएसटी सरकारकडे गेला, विसरा" असे सांगतात. ते खरे नाही. २०२२ च्या डिसेंबरपासून नोंदणी नसलेल्या ग्राहकालाही पोर्टलवर पॅनवरून तात्पुरती नोंदणी घेऊन आरएफडी-०१ अर्जाने परतावा मागता येतो. बिल्डरने दिलेल्या रद्दपत्राच्या तारखेपासून दोन वर्षांची मुदत असते. म्हणून रद्दपत्र लेखी, तारखेसह घ्या. फोनवरचे "झाले रद्द" काही कामाचे नाही.

छोट्या व्यावसायिकांसाठी

जीएसटी नोंदणीसाठी उलाढालीची मर्यादा फक्त माल विकणाऱ्याला वार्षिक ४० लाख, सेवा देणाऱ्याला २० लाख. वायरमन, प्लंबर, फॅब्रिकेटर मालासकट काम घेत असेल तर त्याला २० लाखांचीच मर्यादा धरावी लागते. वीटभट्टी आणि मातीच्या कौलांच्या कारखानदारांना २०२२ पासून ४० लाखांची सवलत नाही आणि कंपोझिशन योजनाही बंद आहे. अजूनही कित्येक भट्टीवाल्यांना हे कोणी सांगितलेले नसते.

कंपोझिशन म्हणजे दीड कोटींपर्यंत उलाढाल असलेल्या दुकानदाराने १ टक्का भरायचा आणि गिऱ्हाईकाकडून कर वेगळा घ्यायचा नाही. दर तिमाहीनंतर १८ तारखेपर्यंत सीएमपी-०८ (तिमाहीचा कर भरण्याचे पत्रक), आणि वर्षाचे जीएसटीआर-४ विवरण ३० जूनपर्यंत. परराज्यात माल विकता येत नाही. गिऱ्हाईक घरगुती असेल तर योजना चांगली. गिऱ्हाईक क्रेडिट मागणारा व्यापारी असेल तर तो दुसऱ्या दुकानात जाईल.

बांधकामाला माल पुरवत असाल तर हे नीट समजून घ्या. १ आणि ५ टक्क्यांच्या योजनेतल्या बिल्डरला वर्षभरातल्या खरेदीपैकी किमान ८० टक्के नोंदणीकृत पुरवठादारांकडून करावी लागते. कमी पडेल तेवढ्यावर त्याला स्वतः १८ टक्के भरावे लागतात. सिमेंट नोंदणी नसलेल्याकडून घेतले तर त्यावर बिल्डरने थेट कर भरायचा, तिथे ८० टक्क्यांचा हिशोबच नाही. त्यामुळे उलाढाल मर्यादेखाली असूनही बिल्डर तुमचा जीएसटी क्रमांक मागतो. नोंदणी घ्यायची की नाही, हे तुमच्या विक्रीत बिल्डरांचा वाटा किती आहे यावर ठरवा. वर्षातून दोनदा ट्रॉलीभर वाळू देण्यासाठी दर महिन्याच्या विवरणपत्रांचा व्याप अंगावर घेऊ नये.

सिमेंट विक्रेत्यांकडे २८ टक्क्यांनी घेतलेला जुना साठा असेल, तर त्यावरचे क्रेडिट तसेच वापरता येते, पण दरातल्या फरकाचा रोख परतावा मिळत नाही.

गाळा भाड्याचा असेल आणि मालकाची नोंदणी नसेल, तर १० ऑक्टोबर २०२४ पासून भाड्यावरचे १८ टक्के नोंदणीकृत भाडेकरूने स्वतः भरायचे आहेत. भाडे २५,००० असेल तर महिन्याला ४,५००, आणि तेही आधी रोखीने. क्रेडिट नंतर मिळते. स्वतःच्या नावे बिल ३० दिवसांत बनवावे लागते. कंपोझिशनमधल्यांना यातून वगळले आहे.

आणि बांधकाम चालू असलेला गाळाच विकत घेणार असाल, तर प्रकल्पातले व्यापारी कार्पेट क्षेत्र एकूण कार्पेटच्या १५ टक्क्यांपर्यंत आहे का ते आधी विचारा. असेल तर ५ टक्के. नसेल तर १२ टक्के. ४० लाखांच्या गाळ्यावर हा फरक २,८०,००० चा आहे. धंद्याच्या क्रेडिटमधून हा कर वसूल होईल असे धरून बजेट करू नका. हा आकडा गाळ्याच्या किमतीतच मिळवून मग कर्जाचा अर्ज भरा.