माळरानावरची ध्वनिफेरी : कशी आखावी, कशी ऐकावी

ध्वनिफेरी म्हणजे केवळ ऐकण्यासाठी चालणे. कॅनडातील संगीतकार आर. मरे शेफर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७०च्या दशकात ध्वनिपरिसराच्या अभ्यासात ही पद्धत रुजवली. आपल्याकडे तिच्यासाठी वाशीम-अकोल्याकडील माळरानाइतकी सोयीची जागा क्वचितच सापडेल. कारंजा-सोहोळसारख्या अभयारण्यात वनविभागाची परवानगी घ्यावी लागते, म्हणून पहिल्या फेरीसाठी गावालगतची ई-क्लास जमीन, म्हणजे सरकारी गायरान, निवडावी.

वाट एक ते दीड किलोमीटरची पुरे. पांदण रस्त्याने निघावे, धुरा म्हणजे शेताचा बांध ओलांडून उघड्या गवतात शिरावे आणि नाल्याकाठच्या बोरी-बाभळींपाशी थांबावे. या तिन्ही ठिकाणचा आवाज वेगळा असतो. आदल्या दिवशी गुराख्याला वाट दाखवून घ्यावी, कारण ढोरे केव्हा कोठून जातात आणि विहिरीवरचा पंप कधी सुरू होतो, हे त्याच्याइतके कोणालाच ठाऊक नसते.

निघण्याची वेळ सर्वांत महत्त्वाची आहे. हिवाळ्यातील निरभ्र रात्री जमीन लवकर थंड होते, तिच्यालगतची हवा वरच्या हवेपेक्षा गार राहते आणि त्यामुळे वर जाणारा आवाज पुन्हा खाली वळतो. म्हणूनच पहाटे दूरच्या गावातील भजनही स्पष्ट ऐकू येते. दुपारी जमीन तापली की हीच क्रिया उलटते. सूर्योदयापूर्वी अर्धा तास जागेवर असावे.

चालताना कानी पडतो तो मुख्यतः आपल्याच पावलांचा आणि कुसळांत घासणाऱ्या कपड्यांचा आवाज, म्हणून फेरीचा निम्म्याहून अधिक वेळ उभे राहण्यात घालवावा. सळसळणारे जॅकेट घरीच ठेवावे आणि सोबत्यांशी बोलणे शेवटपर्यंत टाळावे. प्रत्येक थांब्यावर दहा मिनिटे ऐकावे; आधी सर्वांत दूरचा आवाज शोधावा, मग जवळच्या आवाजांकडे यावे. तितराची चढत जाणारी हाक, गवतातील किड्यांची किरकिर, घंट्या, मोटारसायकल हे सारे ऐकावे. यंत्राचा आवाज आला म्हणून फेरी बिघडली असे मानण्याचे कारण नाही. विणीच्या काळात डोंबारी हा चंडोलाचा भाऊबंद उंच चढून झेपावत खाली येताना लांब शिट्टी घालतो, ती ऐकण्यासाठी उन्हाळ्यात दुसरी फेरी करावी, असे माझे मत आहे.

टिटवी मात्र आपल्यामुळेच ओरडत असते. ती जमिनीवर अंडी घालते; तिचा ओरडा वाढू लागला, तर आल्या वाटेने मागे फिरावे. पक्ष्यांचे ध्वनिमुद्रण वाजवून त्यांना बोलावू नये.

मुद्रण करायचे असल्यास मोबाइल विमान मोडवर टाकून वाऱ्याकडे पाठ करावी, मायक्रोफोनवर फोमचे आवरण घालावे आणि आवाज स्वच्छ करणारी आपोआप चालणारी सोय बंद ठेवावी, कारण ती बारीक किरकिर गोंगाट समजून पुसून टाकते. फाइलला गाव, तारीख, वेळ आणि वाऱ्याची दिशा त्याच दिवशी लिहावी.