सोनोग्राफीत जोडलेली जुळी दिसली तर काय करायचं, काय विचारायचं

गर्भातल्या बाळांची सोनोग्राफी हे माझं रोजचं काम. "जुळी आहेत, पण एकमेकांना जोडलेली वाटतायत," एवढं सांगितलं की समोरच्या जोडप्याला पुढचं काही ऐकूच येत नाही. म्हणून ते पुढचं सगळं इथे लिहून ठेवतेय.

एका तपासणीवर शिक्कामोर्तब होऊ देऊ नका. एकाच पिशवीतली जुळी दहा आठवड्यांच्या आत इतकी जवळजवळ असतात की सुटी असूनही चिकटलेली भासतात. अकरा ते तेरा आठवड्यांच्या दरम्यान पुन्हा बघून घ्या, शक्यतो फीटल मेडिसिनच्या, म्हणजे गर्भातल्या बाळांच्या आजारांच्या, तज्ज्ञाकडे.

अशा वेळी मी आईला कुशीवर वळायला सांगते, जरा चालून यायला सांगते आणि बाळं हलेपर्यंत प्रोब धरून थांबते. सुटी जुळी एकमेकांवरून सरकतात, एकाचं डोकं वर जातं, दुसऱ्याचं खाली. जोडलेली हलली तरी डोकी त्याच पातळीवर राहतात. मधे पडदा नसतो, आणि एकाच्या कातडीची रेषा कुठेही न तुटता दुसऱ्याच्या अंगावर जाते. नाळेतल्या रक्तवाहिन्याही मोजते. एरवी तीन असतात, इथे बऱ्याचदा जास्त.

निदान पक्कं झालं की विचारायचं ते हे: कुठे जोडलीत, आणि आत काय सामाईक आहे? छातीला जोडलेली सगळ्यात जास्त आढळतात आणि तिथे गाडी हृदयापाशी अडते. हृदयाचं आवरण एक असणं वेगळं आणि हृदयाचे स्नायूच एकमेकांत मिसळलेले असणं वेगळं. दुसऱ्या प्रकारात दोघांना वाचवणं जवळजवळ अशक्य असतं. ठोक्यांचे दोन निरनिराळे वेग दिसले तर थोडी आशा वाटते, पण गर्भाचा एको, म्हणजे बाळांच्या हृदयाची खास सोनोग्राफी, झाल्याशिवाय मी कुणाला शब्द देत नाही.

पोटाला जोडलेल्यांचं तसं नसतं. १८११ साली सयाममध्ये (आजचं थायलंड) जन्मलेले चँग आणि एंग बंकर छातीच्या हाडाखाली एका पट्ट्याने जोडलेले होते. दोघांनी लग्नं केली, संसार केले, आणि १८७४ मध्ये ते वारल्यावर त्यांची यकृतं जोडलेली असल्याचं कळलं. यकृत वाटून देता येतं, म्हणून इथे पित्तमार्ग प्रत्येकाचा स्वतंत्र आहे का, ते विचारा. डोक्याला जोडलेली असतील तर मेंदूच्या मोठ्या शिरांबद्दल, कंबरेखाली असतील तर मूत्राशय, गुदद्वार आणि मणक्याबद्दल.

दुहेरी चेहरा, म्हणजे डायप्रोसोपस, याहूनही दुर्मिळ. धड एक, हात-पाय नेहमीसारखे, पण चेहरा दुहेरी. कधी फक्त नाक, कधी तीन-चार डोळे आणि दोन तोंडं. धड एकच असल्यामुळे तपासणीत तो निसटू शकतो. डोकं रुंद दिसत असेल, गर्भजल फार वाढलं असेल, तर डोळ्यांच्या खोबण्या मोजून बघायची विनंती करा. सोबत मेंदूची घडण अपुरी असणं आणि हृदयदोष वरचेवर आढळतात, आणि बहुतेक बाळं पोटातच किंवा जन्मल्यावर लवकर जातात. हे स्पष्ट सांगायलाच हवं. याला अर्धवट जुळी म्हणायचं की एकाच गर्भाच्या चेहऱ्याची घडण दुभंगणं, यावर मतभेद आहेत. सौम्य प्रकारांत तरी मला दुसरं पटतं.

गर्भ ठेवायचा की नाही, हे तुम्हीच ठरवायचं. मात्र कायद्याने किती आठवड्यांपर्यंत मुभा आहे, ते पहिल्याच दिवशी विचारा, नाहीतर तपासण्यांतच मुदत उलटून जाते. ठेवायचं ठरलं तर एमआरआय करून घ्या. प्रसूती सिझेरियननेच, आणि जिथे नवजात बाळांची शस्त्रक्रिया होते अशाच ठिकाणी. त्या चमूने आधी अशी किती बाळं हाताळलीत, हे विचारायला संकोचू नका. जिवावर बेतलेलं नसेल तर वेगळं करण्यासाठी काही महिने थांबतात. बाळांचं वजन वाढतं, जखम झाकायला कातडी ताणून वाढवता येते. तातडीने कराव्या लागणाऱ्या शस्त्रक्रियेत मृत्यू कितीतरी जास्त होतात. दोघांपैकी एकालाच वाचवता येणार असेल तर काय करायचं, हे बोलणंही प्रसूतीआधीच व्हायला हवं.

आईच्या खाण्याने, कामाने, प्रवासाने हे होत नाही. फलित बीज उशिरा, साधारण तेराव्या दिवसानंतर दुभंगायला लागलं तर विभागणी अर्धवट राहते, असं बहुतेक तज्ज्ञ मानतात. पुढच्या गरोदरपणात जोडलेली जुळी पुन्हा होण्याची शक्यता नगण्य असते. तरी बारा आठवड्यांच्या सुमारास एक सोनोग्राफी जरूर करा आणि आधीचे सगळे रिपोर्ट सोबत आणा.