पुराच्या निवारा केंद्रात पालकांची बैठक कशी घ्यावी

आयर्विन पुलापाशी कृष्णेने ४५ फुटांची धोका पातळी ओलांडली की सांगलीच्या शाळांतून निवारा केंद्रे सुरू होतात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांवर गेले होते. केंद्रात धान्य, चादरी, औषधे पोहोचतात, पण भेदरलेली मुले सांभाळणाऱ्या आईबापांची विचारपूस कोणी करत नाही. युद्धामुळे परागंदा झालेल्या कुटुंबांसाठी पालकांचे जे कार्यक्रम तयार झाले, त्यांची रीत इथेही चालते.

जागा: एक वर्ग, सतरंजी, दहाबारा पालक, दोन कार्यकर्त्या. बायकांची बैठक दुपारची जेवणे उरकल्यावर घ्या. पुरुष दिवसभर जनावरांपाशी असतात, त्यांची संध्याकाळी. मुलांना शेजारच्या वर्गात खडू-चेंडू देऊन बसवा.

पहिली बैठक: सगळे इथेच बिघडते. 'मुलांवर ओरडू नका, मारू नका' अशी सुरुवात कधीही करू नका. जिची चूल, म्हैस, पोरांची दप्तरे पाण्यात गेली, तिला ती बोलणी वाटतात आणि दुसऱ्या दिवशी ती फिरकत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या 'स्ट्राँग फॅमिलीज' कार्यक्रमात पहिला तास केवळ मोठ्यांसाठी, त्यांच्या ताणाबद्दल असतो, तो याचसाठी.

'त्या रात्री काय झालं ते सगळं सांगा, मन मोकळं होईल' हा सल्ला तर घातकच. असे बळेच बोलते करू नये, असे जागतिक आरोग्य संघटनाही सांगते. एकीची जखम उघडी पडते, आणि रात्री तिला त्याच हॉलमध्ये, चाळीस माणसांत झोपायचे असते. कोणी आपणहून बोलली तर ऐका; खोदू नका, आणि 'जीव वाचला ना, मग झालं' हे तर चुकूनही म्हणू नका.

त्याऐवजी विचारा: 'रात्री झोप लागली का? पोरांपायी जीव कधी मेटाकुटीला येतो?' बहुतेकींचे उत्तर तिन्हीसांजेचे असते. वीज नाही, संडासाला रांग, अंगावर ओले कपडे, कडेवरचे पोर खाली उतरत नाही. मग त्या एका तासाचेच बघा. त्या वेळी पोर कोण घेईल? पाण्याला कोण जाईल? नावे तिथेच ठरवा. शेवटी पाय जमिनीला टेकवून पाच श्वास. सोडताना घेण्यापेक्षा जास्त वेळ. हे तोंडी सांगून भागत नाही, सगळ्यांकडून करून घ्या.

दुसरी बैठक: रोज दहा मिनिटे मूल म्हणेल तो खेळ आणि झोपायची ठरलेली वेळ. अंथरूण ओले केले तर रागावू नये. खाली प्लास्टिक घालावे.

तिसरी: मुलांसह. प्रत्येकाने दुसऱ्याची एक चांगली गोष्ट सांगायची.

मूल खाणेपिणे-बोलणे सोडून बसले किंवा कोणी 'जगावंसं वाटत नाही' म्हणाले, तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ क्रमांक चोवीस तास चालू असतो. एकटे सापडलेले मूल असेल तर मुलांच्या मदतवाहिनीला, १०९८ वर कळवा.

केंद्र आठवड्याभरात रिकामे होऊ शकते. म्हणून पहिल्या दोन बैठका एक दिवसाआड घ्या आणि तिसरी गावात, घरातला चिखल काढून झाल्यावर.