बाळंतपणाच्या कळा सुरू झाल्यावर काय करायचं
लगेच आडवं पडू नका. कळ आली की नवऱ्याच्या खांद्यावर टेकून कंबर हलवायची, श्वास नाकाने घेऊन तोंडाने चहावर फुंकर मारतो तसा लांब सोडायचा, आणि माझ्या आईने मुठीने माकडहाडाच्या वर दाबून धरलं होतं ना, तेवढं बरं कशानेच वाटलं नाही. दर ५ मिनिटांनी मिनिटभराची कळ असं तासभर चाललं की हॉस्पिटलला निघा, पाणी गेलं किंवा रक्त दिसलं तर मात्र लगेच. एपिड्युरल (कळांचं दुखणं कमी करायला पाठीत देतात ते भुलीचं इंजेक्शन) हवं असो नसो, रात्री भूलतज्ज्ञ असतात का ते आधीच विचारून ठेवा, कारण असर व्हायला १०-२० मिनिटं लागतात. विनाइंजेक्शन ठरवलं आणि मधेच मागितलं तरी चालतं, सासूबाई बोलल्या तर बोलू दे.