हायस्कूलची मुलं वर्गात गुंतवायची कशी: फुकटातली साधनं आणि ती वापरायची रीत

फुकट साधनं शोधायला बसलं की इतकी सापडतात की अख्खी सुट्टी त्यात जाते, आणि तरी मागच्या बाकावरची मुलं खिडकीबाहेरच बघत बसतात. साधन चांगलं असणं वेगळं आणि मुलं त्यात गुंतणं वेगळं. माझं मत अगदी स्पष्ट आहे, साधन दाखवायच्या आधी मुलांकडून अंदाज लिहून घ्या. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाला भारीतला भारी व्हिडिओ दाखवला तर तो "मस्त होता" म्हणेल आणि बेल झाली की विसरेल, पण त्याने आधी स्वतःच्या हाताने कागदावर "मला वाटतं असं होईल" लिहिलेलं असेल ना, तर आपलं बरोबर आलं की नाही हे कळेपर्यंत तो जागचा हलत नाही. खाली जे सांगतेय ते सगळं याच्यावरच उभं आहे.

सुरुवात दोरा आणि नटापासून

इंटरनेट-बिंटरनेट बाजूला ठेवा, आधी लंबक करून बघा. लागतं काय, तर मीटरभरापेक्षा थोडा जास्त दोरा, तीन लोखंडी नट, मोजपट्टी आणि सेकंद मोजायला घड्याळ नाहीतर मोबाईल. चार-चार जणांचे गट करा आणि दोरा हातात द्यायच्या आधी फळ्यावर दोन प्रश्न लिहा. एकाऐवजी तीन नट बांधले तर झोका लवकर पूर्ण होईल, उशिरा होईल की तेवढाच वेळ लागेल? आणि दोरा चौपट लांब केला तर वेळ किती पट होईल? प्रत्येकाने उत्तर वहीत पेनाने लिहायचं, एकमेकांचं बघायचं नाही, नंतर खोडायचं नाही.

मग मोजायला लावा. एका आंदोलनाचा, म्हणजे झोका जाऊन परत येण्याचा, वेळ मोजू नका, बटण दाबायलाच हाताला वेळ लागतो, दहा आंदोलनांचा मोजा आणि दहाने भागा. लांबी वरच्या गाठीपासून नटाच्या मध्यापर्यंत घ्यायची, झोका लहान ठेवायचा, आणि तीन नट बांधताना एकाखाली एक लोंबकळू द्यायचे नाहीत, एकाच उंचीवर बांधायचे, नाहीतर लांबीच बदलते आणि मग सगळा घोळ. २५ सेंटीमीटर दोऱ्याला दहा आंदोलनांना साधारण १० सेकंद लागतात, १ मीटरला साधारण २०. म्हणजे लांबी चौपट आणि वेळ फक्त दुप्पट. बहुतेक मुलांनी चौपट लिहिलेलं असतं त्यामुळे पहिली प्रतिक्रिया "आमचं मोजताना काहीतरी चुकलं" अशी येते आणि ती आपणहून परत मोजायला लागतात. इथे शिक्षकाने गप्प बसायचं. अवघड जातं, पण बसायचं. दुसऱ्या गटाचाही आकडा तोच आला हे त्यांना स्वतःला दिसलं पाहिजे, वर्गमुळाचं नाव त्यानंतर काढा.

आणि आता संगणक काढा, आधी नाही. कोलोराडो विद्यापीठाचा फेट नावाचा प्रकल्प आहे, नोबेल मिळालेले भौतिकशास्त्रज्ञ कार्ल वायमन यांनी २००२ मध्ये सुरू केलेला, त्यातली विज्ञान-गणिताची सिम्युलेशन्स, म्हणजे संगणकाच्या पडद्यावर करायचे प्रयोग, पूर्ण मोफत आहेत आणि बरीचशी मराठीतही आहेत. त्यातल्या लंबकाच्या सिम्युलेशनमध्ये चंद्रावरचं, गुरूवरचं गुरुत्वाकर्षण निवडता येतं आणि 'एक्स' नावाचा एक ग्रह आहे ज्याचं गुरुत्वाकर्षण किती ते सांगितलेलंच नाही. दोऱ्यावर जे शिकलात ते वापरून ते काढा, एवढंच सांगा आणि बाजूला व्हा. हेच सिम्युलेशन पहिल्या मिनिटाला उघडून दिलं असतं तर मुलांनी सगळी बटणं दाबून पाच मिनिटांत बंद केलं असतं.

हात वर करायला लावू नका

या वयात चुकण्यापेक्षा चुकताना बघितलं जाण्याची भीती जास्त असते. "कोणाला येतंय?" विचारलं की तेच चार हात वर होतात, बाकीच्यांना माहीत असतं की आपल्याला काही करावं लागणार नाही. याच्यावर कागदाचं कार्ड पुरतं. एका कागदाच्या चार घड्या, चार भागांवर मोठ्ठं अ, ब, क, ड, आणि इशारा केला की सगळ्यांनी एकाच वेळी आपलं अक्षर छातीजवळ धरायचं. शिक्षकाला पूर्ण वर्ग एका नजरेत दिसतो आणि शेजाऱ्याचं बघून उचलायला वेळच मिळत नाही.

खरी गंमत त्यानंतर आहे. अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठात भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक माझुर यांनी १९९० च्या दशकात ही पद्धत रुजवली, त्यांचा ठोकताळा असा की साधारण ३० ते ७० टक्के मुलांचं बरोबर असेल तर उत्तर सांगायचंच नाही, शेजारच्याचं उत्तर वेगळं असेल तर त्याला पटवून द्या असं सांगायचं, दोन मिनिटं गोंगाट होऊ द्यायचा आणि परत मत घ्यायचं. त्याहून कमी जणांचं बरोबर असेल तर धडा परत समजावा, जास्त असेल तर पुढे चला. ज्याला ते नुकतंच समजलंय तो मुलगा आपल्यापेक्षा चांगलं समजावतो कारण अडतं कुठे ते त्याला ताजं आठवत असतं. फक्त प्रश्न तसा पाहिजे, पाठांतराचा प्रश्न विचारला तर पटवून द्यायला काही उरत नाही.

उत्तर लिहून दाखवायचं असेल तर पाटी नसली तरी चालतं. पारदर्शक प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये कोरा पांढरा कागद घाला, त्यावर व्हाईटबोर्डचा मार्कर चालतो आणि जुन्या कापडाने पुसला जातो. आत कोऱ्याऐवजी आलेख कागद किंवा नकाशा घातला की झालं, तेच फोल्डर गणिताला आणि भूगोलाला.

एक मोबाईल चार जणांत

प्रत्येकाकडे मोबाईल असलाच पाहिजे असं नाही, उलट नसलेला बरा. चौघांत एक असला की एक जण चालवतो, एक नोंदी करतो, एक वेळ बघतो आणि चौथ्याचं काम "असं का?" विचारत राहण्याचं, आणि दर प्रयोगाला कामं बदलायची.

फायफॉक्स म्हणून एक मोफत ॲप आहे, जर्मनीतल्या आखेन विद्यापीठाचं, ते मोबाईलमधले सेन्सर प्रयोगासाठी मोकळे करून देतं. त्यातलं आवाजावर चालणारं स्टॉपवॉच घ्या, पहिल्या आवाजाला सुरू होतं आणि दुसऱ्याला थांबतं. दोन मोबाईल बरोबर ५ मीटर अंतरावर ठेवा, दोन्ही लावून ठेवा. पहिल्या मोबाईलजवळच्याने टाळी वाजवायची, थोडं थांबून दुसऱ्याजवळच्याने वाजवायची. पहिला मोबाईल लवकर सुरू झाला आणि उशिरा थांबला, दुसरा उशिरा सुरू झाला आणि लवकर थांबला, म्हणून दोघांच्या वेळेतला फरक म्हणजे आवाजाला ते अंतर दोनदा कापायला लागलेला वेळ, साधारण ०.०२९ सेकंद. १० मीटर भागिले तो फरक, आला आवाजाचा वेग, सेकंदाला ३४० मीटरच्या आसपास. वर्गात कुजबुज असेल तर ॲप त्यालाच टाळी समजतं, म्हणून आवाजाची मर्यादा सेटिंगमध्ये वाढवून ठेवा, आणि मजा म्हणजे हे एकदा कळलं की "शांत बसा" असं मुलंच एकमेकांना सांगतात.

मोबाईल अजिबात नसेल तर ३० सेंटीमीटरची पट्टी आहेच. एकाने वर धरायची, दुसऱ्याने शून्याजवळ बोटं उघडी ठेवायची, न सांगता सोडायची आणि पकडायची. २० सेंटीमीटरवर पकडली तर प्रतिक्रियेला साधारण ०.२ सेकंद लागले. मग विचारा, डाव्या हाताने? डोळे मिटून, नुसत्या "आता" या शब्दावर? आकडेमोड करायची की शरीराचं काम शिकवायचं हे विषयानुसार बघा, पण मज्जासंस्थेचा धडा शिकवायला याहून स्वस्त काही मला माहीत नाही.

गणित, इतिहास, भाषा

गणिताला आलेख काढायची जिओजेब्रा आणि डेसमॉस ही साधनं, दोन्ही फुकट, ब्राउझरमध्ये चालतात. डेसमॉसमध्ये मी सरळ काम देते की फक्त समीकरणं वापरून चेहरा काढा. समीकरणापुढे महिरपी कंसात क्ष ची मर्यादा टाकली की रेघ तेवढीच दिसते, म्हणजे परवलय कापून हसू होतं, आणि ते हसू उलटं आलं की काय बदलायचं हे शोधताना मुलं चिन्हाचा अर्थ आपणहून शिकतात. एक अट घाला, प्रत्येक समीकरणाशेजारी ते का निवडलं याची एक ओळ पाहिजे, नाहीतर नुसती नक्कल होते.

सामाजिक शास्त्रांना गॅपमाइंडर या संकेतस्थळावरचा फुगे-आलेख घ्या, एका अक्षावर उत्पन्न, दुसऱ्यावर आयुर्मान, प्रत्येक फुगा एक देश. १८०० सालापासून तो चालवता येतो. चालू करायच्या आधी देश वाटून द्या आणि आपला फुगा कुठून कुठे जाईल ते कागदावर काढायला लावा. १९१८ ला फ्लूच्या साथीत आयुर्मान खाली कोसळतं तिथे थांबवा आणि काहीही न सांगता विचारा, इथे काय झालं असेल?

इतिहासाला एक जुना फोटो पुरतो. विकिमीडिया कॉमन्स या मुक्त फोटोंच्या संकेतस्थळावरून घ्या, अर्धा झाकून दाखवा, झाकलेल्या भागात काय असेल ते लिहायला लावा, मग उघडा. फोटो कोणी काढला आणि चौकटीच्या बाहेर काय ठेवलं, या प्रश्नावर पूर्ण पिरियड सहज जातो. भाषेच्या तासाला विकिपीडियाच्या एखाद्या लेखाचा 'इतिहास' टॅब उघडा, कोणी कधी काय बदललं ते सगळं तिथे दिसतं, एकच वाक्य दोन वेळा कसं लिहिलं गेलं आणि कुठलं जास्त नेमकं यावर मुलं हिरिरीने भांडतात.

मोठा धडा असेल तर जिगसॉ करा. मानसशास्त्रज्ञ एलियट ॲरन्सन यांनी १९७१ मध्ये अमेरिकेत ऑस्टिनच्या शाळांत ही पद्धत सुरू केली. धड्याचे चार तुकडे, गटातल्या चौघांना एकेक, मग एकच तुकडा मिळालेले सगळे एकत्र बसून तो पक्का करतात आणि आपापल्या गटात परत जाऊन शिकवतात. शेवटी छोटी चाचणी सगळ्यावर, म्हणजे दुसऱ्याचं ऐकावंच लागतं. एखादा तुकडा सोपा, एखादा अवघड असा फरक असेल तर तो जाणूनबुजून वाटा, कच्च्या मुलाला असा भाग मिळू दे की जो त्याच्याशिवाय गटाला कळणारच नाही.

खरं काम द्या

झूनिव्हर्स या संकेतस्थळावर शास्त्रज्ञांना खरोखर हवी असलेली कामं असतात, दीर्घिकांचे आकार ओळखा, कॅमेऱ्यात सापडलेले प्राणी मोजा, खातं न उघडताही करता येतात. त्याची सुरुवात २००७ च्या गॅलेक्सी झूपासून झाली आणि त्याच वर्षी हॅनी व्हॅन आर्केल या डच शाळाशिक्षिकेला तिथल्या एका फोटोत एक विचित्र डाग दिसला, तो काय आहे हे कोणालाच माहीत नव्हतं, आज ती खगोलीय वस्तू तिच्याच नावाने ओळखली जाते. हे मुलांना सांगा आणि मग काम द्या. आपलं उत्तर कोणीतरी वापरणार आहे हे कळल्यावर मुलं किती जपून बघतात ते बघण्यासारखं असतं.

नेट नसेल तर, आणि परवान्याचं

फेटची सिम्युलेशन्स एकेक फाईल म्हणून उतरवून पेनड्राइव्हवर ठेवता येतात, नंतर नेट लागत नाही. किविक्स या मोफत प्रोग्रामने पूर्ण विकिपीडिया ऑफलाइन वाचता येतो, आणि कोलिब्री हा धड्यांचा मोफत प्रोग्राम एका संगणकावर टाकला की शाळेच्या आतल्या वायफायवर बाकी यंत्रांना त्यातले धडे दिसतात, बाहेरचं नेट नसलं तरी.

खाती उघडण्याच्या बाबतीत मी कडक आहे. मुलांचं नाव, ईमेल, जन्मतारीख मागणारं साधन शक्यतो घेऊच नका, नाहीतर शिक्षकाच्या एका खात्यातून प्रोजेक्टरवर दाखवा. बऱ्याच सेवांना वयाची अट असते ती आधी वाचा, आणि मोफत म्हणून सुरू झालेली गोष्ट किती मुलांपर्यंत मोफत आहे तेही बघा.

दुसऱ्याचं साहित्य मराठीत करून वाटायचं असेल तर क्रिएटिव्ह कॉमन्सची, म्हणजे साहित्य इतरांना कसं वापरू द्यायचं ते सांगणाऱ्या परवान्याची, अक्षरं बघायची. 'बाय' म्हणजे मूळ लेखकाचं नाव द्या, 'एनसी' म्हणजे धंद्यासाठी नको, 'एनडी' असेल तर बदल करून, म्हणजे भाषांतर करूनसुद्धा, वाटता येत नाही. राइस विद्यापीठाच्या ओपनस्टॅक्सची बरीच पुस्तकं 'बाय'खाली आहेत, अशा पुस्तकातला उतारा मराठीत करून नावासकट खुशाल वाटा. नासाचे फोटोही बहुतांशी मुक्त असतात, श्रेय द्या.

तास संपायला चार मिनिटं असताना

कागदाची चिठ्ठी द्या, नाव लिहायचं नाही. दोनच गोष्टी लिहायच्या, आज माझा कुठला अंदाज बदलला आणि अजून काय खटकतंय. दारात गोळा करा आणि तीन ढीग करा, कळलेले, अर्धवट कळलेले आणि भलतंच कळलेले. तिसऱ्या ढिगातली एक चिठ्ठी निवडा, आपल्या शब्दांत थोडी बदला म्हणजे कोणाची ते ओळखू येणार नाही, आणि दुसऱ्या दिवशी तास सुरू होताना तीच फळ्यावर लिहून अ, ब, क, ड ची कार्डं काढायला सांगा.