एसटीआयची (लैंगिक संबंधांतून पसरणाऱ्या आजारांची) टेस्ट करायला सरकारी क्लिनिकला पहिल्यांदा जाताय?

आधी एक सांगते, काही त्रास होत नाही म्हणजे काही झालेलं नाही असं समजू नका. क्लॅमिडिया झालेल्या बहुतेकांना काहीच जाणवत नाही, आणि सिफिलिसचा फोड तर दुखतही नाही, काही आठवड्यांत आपोआप बरा होतो, माणसाला वाटतं सुटलो पण जंतू आतच असतो. त्यामुळे कंडोमशिवाय संबंध आले असतील किंवा कंडोम फाटला असेल तर लक्षणांची वाट बघत बसू नका.

कधी जायचं यावर बरंच अवलंबून आहे. एचआयव्हीची शंका असेल तर संबंध आल्यापासून 72 तासांच्या आत आणि खरं तर लगेचच, कारण पीईपीच्या, म्हणजे एचआयव्हीची लागण टाळण्यासाठी नंतर घ्यायच्या गोळ्या तेवढ्या वेळातच सुरू करता येतात (पुढे 28 दिवस घ्यायच्या). रात्र असली तरी इमर्जन्सीला जा, ओपीडी उघडेपर्यंत थांबू नका. टेस्टचं मात्र उलटं आहे, दुसऱ्याच दिवशी केली तर निगेटिव्ह येते आणि आपण उगाच निर्धास्त होतो. क्लॅमिडिया आणि गनोरियासाठी साधारण 2 आठवडे जाऊ द्यावे लागतात, एचआयव्हीच्या लॅबमधल्या नव्या टेस्टला 45 दिवस, सिफिलिसची खात्री व्हायला 3 महिने. जळजळ, स्राव, फोड, ओटीपोटात दुखणं असं काही असेल तर हे दिवस मोजू नका, सरळ जा.

खिडकीवर "लैंगिक आजारांची तपासणी करायचीय" एवढंच बोला, बाकी सगळं डॉक्टरांच्या खोलीत. तिथे मात्र लपवू नका प्लीज, कारण तोंडाने किंवा गुदमार्गाने संबंध आले असतील तर घशाचा, गुदद्वाराचा स्वॅब (काडीने पुसून घेतलेला नमुना) घ्यावा लागतो, नुसत्या लघवीत ते सापडत नाही. लघवी द्यायची असेल तर आधी किमान तासभर लघवीला जाऊ नका आणि पहिली धार डबीत धरा.

वय कमी असेल तर आधी फोन करून विचारा, घरी कळवतात का, रिपोर्ट कोणत्या नंबरवर येतो. नियम सगळीकडे सारखे नाहीत. कुणी तुसडेपणाने बोललं तर दुसऱ्या क्लिनिकला जा, पण टेस्ट सोडू नका.

मेडिकलमधून स्वतःच्या मनाने अँटिबायोटिक घेणं हा प्रकार मला सगळ्यात जास्त टोचतो, गनोरियाचा जंतू कितीतरी औषधांना दाद देईनासा झालाय तो अशाच अर्धवट, चुकीच्या डोसांमुळेपण. क्लॅमिडिया, गनोरिया, सिफिलिस नीट औषध घेतलं की पूर्ण बरे होतात. पण औषधं संपून किंवा एकच डोस असेल तर तो घेऊन 7 दिवस होईपर्यंत संबंध नकोत, सिफिलिसला डॉक्टर सांगतील तेवढं थांबा, आणि पार्टनरचेही उपचार व्हायला हवेत नाहीतर पुन्हा तेच. "मला क्लॅमिडिया निघालाय, तूपण तपासून घे" एवढा मेसेज पुरतो, तेही जमत नसेल तर क्लिनिकला विचारा, काही ठिकाणी तुमचं नाव न सांगता ते कळवतात. निघता निघता एचपीव्ही (संबंधांतून पसरणारा, कॅन्सरही करू शकणारा विषाणू) आणि हिपॅटायटिस बी च्या लसीचं विचारा, आणि क्लॅमिडिया किंवा गनोरिया निघाला असेल तर 3 महिन्यांनी परत टेस्टला यायची तारीख तिथेच लिहून घ्या.