एक शब्द धरा आणि गावभर हिंडवा

कोल्हापुरात प्रेसमध्ये प्रूफं तपासण्यात माझी हयात गेली. एका सकाळी टेबलावर तीन मजकूर आले: कुस्ती मैदानाचं हँडबिल, नाटकाची पत्रिका आणि एका गायकाचा फोटोसह परिचय. तिन्हींत ‘तालीम’. नवा पोरगा फोटो बघून म्हणाला, “काका, ह्या बुवांनी वीस वर्षं तालीम केली, मग पोट एवढं कसं?” त्याच दिवशी शब्दांची वही घातली.

तुम्हालाही असा एखादा शब्द धरायचा असेल तर अर्थ लिहीत बसू नका. कानावर आलेलं अख्खं वाक्य लिहा, क्रियापदासकट. खरी गंमत तिथंच असते. गंगावेशीतला पोरगा तालमीत ‘जातो’, म्हणजे ती जागा, तांबड्या मातीचा हौदा. नटमंडळी तालीम ‘करतात’, म्हणजे ते काम. केसरबाई केरकरांना अल्लादियाखाँसाहेबांची तालीम ‘मिळाली’; हे खाँसाहेब शाहू महाराजांच्या दरबारचे गवई. म्हणजे गाण्यात ती देण्याघेण्याची चीज. आणि शाहू स्टेडियमवर पाटाकडील तालीम चक्क ‘जिंकते’! पेठेतल्या तालमीची मंडळं झाली, मंडळांच्या फुटबॉल टीमा झाल्या. परगावच्या पाहुण्याला एवढं पटवायला माझे दोन चहा गेलेत.

कोश नंतर उघडा. आधी उघडला की कान बंद होतात. मी मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची १८५७ ची आवृत्ती जवळ ठेवतो. तालीम मूळ अरबी, अर्थ शिकवणं. इल्म म्हणजे ज्ञान, आलिम म्हणजे जाणकार, मुअल्लिम म्हणजे शिक्षक, हे तिचे सख्खे. म्हणजे १९३७ साली वर्ध्यात गांधीजींनी मांडलेली ‘नई तालीम’ ही शिक्षणपद्धत मुळाला धरून आहे, आणि आमची हौद्यातली पार लांब गेलेली.

दिसायला सारखे म्हणून दोन शब्द एका पानावर कोंबू नका. लिंग बघा, अनेकवचन बघा. तो माळ गावाबाहेर, ती माळ गळ्यात. एकाचे अनेक माळ, दुसरीच्या माळा. ही दोन वेगळी माणसं. तालीम मात्र कुठंही गेली तरी ‘ती’च, आणि अनेक झाल्या की ‘तालमी’च.

मग शब्दाचे दोन अर्थ शेजारी नांदतात अशी जागा हुडका आणि तिथं उभं राहा. माझी जागा खासबाग. १९१२ चं कुस्ती मैदान, शेजारी १९१५ चं पॅलेस थिएटर, म्हणजे आपलं केशवराव भोसले नाट्यगृह. दोन्हीकडच्या तालमीवाल्यांना मी एकाच गाड्यावर चहा पिताना ऐकलंय. वही खिशातच ठेवायची. समोर काढली की माणसं पुस्तकी बोलायला लागतात.

शब्दामागचं पान कोरं सोडा, त्याचा पाहुणा येतोच. माझ्याकडं ‘वस्ताद’ आलाय. हौद्यातला वस्ताद आणि गाण्यातला उस्ताद, मूळ फारसी एकच. गॅरेजमधला वस्ताद तेवढा लिहायचा राहिलाय.